फौजेचे पाय पाहणारा माणूस

पत्रुभाऊ गेले आणि नागभीडच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही सगळ्यांना नीट दिसायला लागला. ते होते तोवर ही सोय नव्हती. जगात कुठे लढाई पेटली आणि बातम्यांत चालणारे सैनिक दाखवले की पत्रुभाऊ बाकावरून उठत, चष्मा कपाळावर चढवत आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून उभे राहत. पुढून पोट, मागून पाठ. टीव्ही त्यामागे गडप. मागून लोक बोंबलत, "सरका ना जी, पत्रुभाऊ." ते जागचे हलत नसत. "थांब ना लेका, बूट पाहून राह्यलो."

तिकडे पडद्यावर चार मिशाळ निवृत्त साहेब विमानं मोजत असत, रणगाडे मोजत असत, नकाशावर बाण सरकवत असत. पत्रुभाऊंना त्यातलं काही नको असे. "विमान कोणीबी इकत घेते," ते म्हणत. "उद्या माह्याजवळ पैसा आला तं मीबी घेईन. पण शिपायाच्या पायात काय हाये, ते पाहा. तिथी समजते का ही फौज दहा सालानं कुठी राहीन."

मी त्यांचा शेजारी. माझं औषधाचं दुकान, त्यांचं चपला-बुटांचं. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द मला वीस-बावीस वर्षं फुकट ऐकू आला. मला ते डाक्टर म्हणत. मी डी.फार्म आहे, हे मी त्यांना सुरुवातीला सांगून पाहिलं. "मंग अर्धे डाक्टर तं हाये ना," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस आमच्या भागात बँकेत रखवालदार होतो, नाहीतर धानाची शेती करतो आणि बांधावरून भावाशी भांडतो. पत्रुभाऊंनी बुटांचं दुकान टाकलं. आणि दुकान चालवायची त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाइकानं दुसऱ्या वेळी यायच्या आधी तीनदा विचार करावा. खोका बंद असताना ते कोणाला काही विकत नसत. खोका उघडायचा, दोन्ही बूट बाहेर काढायचे, तळवा उलटा करून नंबर वाचायचा, मग माणसाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायची. एवढ्यावर भागत नसे. दोन्ही पायात बूट घालून समोरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं. "एका पायात घालून काय होते? दुसरा पाय काय सासऱ्याचा हाये?"

एकदा पोंभुर्ण्याकडचा एक नवरदेव आला. वरात बसस्टँडवर उतरलेली, मुहूर्त डोक्यावर आणि मोजडीची शिवण उसवलेली. मामा म्हणाले, "नऊ नंबर द्या, लवकर." पत्रुभाऊंनी नवरदेवाला स्टुलावर बसवलं, मोजे काढायला लावले, पाय मापला, साडेआठ ठरवला आणि सांगितलं, "जा, देवळापर्यंत चालून या." बिचारा बाशिंग बांधून निघाला. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, पोरं नाचायला लागली, बायका डोक्यावर पदर घेऊन मागे चालू लागल्या आणि अख्खी वरात देवळाला वळसा घालून पुन्हा चपलांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. पत्रुभाऊ दारातच होते. "टाच घासते का?" त्यांनी विचारलं. नवरदेव म्हणाला, "नाई जी." "मंग आता जा लग्नाले."

आम्ही हसलो. मीही हसलो. हसता हसता एकदा विचारूनच टाकलं की पत्रुभाऊ, ही खोका उघडायची काय बिमारी आहे तुम्हाला? माझं दुकान चालतंच मुळी बंद खोक्यांवर. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सांगितलं.

डोंगरावरच्या लढाईत ते खाली, पायथ्याच्या कोठारावर होते. वरच्या चौकीसाठी बर्फाचे बूट आले. पेट्या शिळेसारख्या जड, खिळे ठोकलेल्या. हात थंडीनं बधिर झालेले. पत्रुभाऊंनी पेटी उघडून न पाहता कागदावर सही केली. टेलिफोनवर वरून साहेबांनी विचारलं, "बूट बराबर आये?" हे म्हणाले, "सब बराबर, साहब." पेट्या वर गेल्या. वर उघडल्या तर सगळे बूट सहा नंबरचे. चौकीवर त्यांचा दोस्त राजन्ना होता, सिरोंच्याचा, गोदावरीच्या काठचा दांडगा गडी, पाय दहा नंबरचा. तो जुन्याच बुटात पोत्याचे तुकडे कोंबून बर्फात उभा राहिला. त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली.

"त्याले मालूम हाये का बूट लहान होते," पत्रुभाऊ म्हणाले. "सही माही होती, हे नाई मालूम. त्याले वाटते वरून कुठूनतरी गडबड झाली."

"मग सांगून टाका ना."

"जातो ना. जाऊन राह्यलोच तं हावो."

जाऊन राहिले होते हे खरं. दरवर्षी एकदा ते धुतलेला शर्ट घालून, पिशवीत चिवडा घेऊन सिरोंच्याला निघत. गडचिरोलीपर्यंत पोचत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. एकदा आलापल्लीचा रस्ता खराब होता. एकदा नदीला पूर होता. एकदा, भर उन्हाळ्यात, पुन्हा नदीला पूर होता. चिवडा मात्र दर वेळी मी खाल्ला.

आता जगातल्या फौजांकडे येतो, कारण लोक पत्रुभाऊंना त्यासाठीच ओळखत. मधे एका मोठ्या देशानं शेजारच्या लहान देशावर स्वारी केली. टपरीवर सगळ्यांचं एकमत झालं की आठ दिवसांत खेळ खलास. चहावाला तर चार दिवस म्हणत होता. पत्रुभाऊ टीव्हीला चिकटले, बराच वेळ चिकटून राहिले, आणि मागे वळून म्हणाले, "एक पोट्टा तारेनं बूट बांधून चालून राह्यला. दुसऱ्याच्या पायात कॅनव्हास. हे आठ दिवसात नाई जितत." लोक फिदीफिदी हसले. आठ दिवस गेले, आठ आठवडे गेले, लढाई काही संपेना. मग हेच लोक त्यांना ज्योतिषासारखं विचारायला लागले, पोरीच्या लग्नाचंसुद्धा.

पण त्यांची खरी गंमत पुढे. दीड-दोन वर्षांनी पुन्हा त्याच लढाईची बातमी चालू असताना ते तसेच नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आता यांच्याले भ्या."

चहावाला चिडला. "तुमी पलटले, पत्रुभाऊ. आधी म्हणे हे फुसके हायेत."

"मी नाई पलटलो. त्यायनं बूट पलटवले. पाहा ना. याचा अर्थ काय होते? कोणीतरी खालून वर सांगतलं का आपले बूट बेकार हायेत, अना वरच्यानं त्याले मारलं नाई, आयकून घेतलं. ज्या फौजेत हे होते, ती फौज हरून हरून शिकते. जितला का माणूस आंधळा होते, लेकहो. हरला का त्याले दिसते."

एवढाच त्यांचा सिद्धांत. यावर मिशाळ साहेब तासभर बोलले असते. पत्रुभाऊ चहा बशीत ओतून फुरकत आणि दुकानात निघून जात.

हाच सिद्धांत ते शंकरपटालाही लावत. आमच्याकडे हिवाळ्यात पट भरतो, बैलजोड्या धावतात, आणि माणसं घरदार विसरतात. एका वर्षी एक जोडी अशी धावली की मालकाला लोकांनी गुलालानं ओळखू येईनासं केलं. मी टाळ्या वाजवत होतो. पत्रुभाऊ शेजारी नव्हते. ते हरलेल्या मालकाजवळ गेले होते. तो गडी एकटाच धावपट्टीवर उकिडवा बसून, जिथे त्याच्या उजव्या बैलाचा खूर घसरला तिथली माती बोटानं उकरून पाहत होता. पत्रुभाऊ परत येऊन म्हणाले, "पुढच्या साली ह्याची जोडी." आणि खरंच, पुढच्या साली तीच पहिली आली. मालक पेढे घेऊन नागभीडला दुकानात आला, पाया पडला. पत्रुभाऊंनी पेढा तोंडात टाकला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "आता हा हरन."

"काऊन?"

"पेढे वाटून राह्यला ना. अवंदा माती पाह्यली का त्यानं?"

सीमेवर एक चकमक झाली, थोड्या दिवसांत थांबली, आणि जवळच्या एका कॉलेजातल्या प्राचार्य मॅडमना वाटलं की या निमित्तानं एका माजी सैनिकाचं व्याख्यान ठेवावं. विषय फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला होता: 'आपल्या देशाची उद्याची लष्करी ताकद'. पत्रुभाऊंनी मला सोबत नेलं. "मी अडकलो तं गोळी द्या," म्हणाले. कसली गोळी ते त्यांनी सांगितलं नाही.

हॉल भरलेला. पुढच्या रांगांत भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, पोरांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांचे गुडघे फुटलेले. त्यांना ऐकायचं होतं की आपण जगात एक नंबर आहोत. पत्रुभाऊ माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपली फौज उद्या कशी राहीन, हे मले नाई मालूम. टीव्हीवाल्यालेबी नाई मालूम. आपण जितलो असं म्हणून सगळ्यायनं पेढे वाटले. बरं झालं, गोड खावं माणसानं. पण मले एक सांगा, काय चुकलं, हे कोणी सांगतलं का? अना जो सांगन, त्याले आपण देशद्रोही म्हणू का त्याचं आयकू? ह्याचं उत्तर मले द्या, मंग मी तुमाले दहा सालानंतरची फौज सांगतो."

प्राचार्य मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच राहिलं, पण त्यातला जीव गेला. मागच्या रांगेतून कोणीतरी घोषणा दिली. ती घोषणा कोणी उचलली नाही. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. नाव विचारायचं राहिलं, पण वेणी घट्ट, आवाज त्याहून घट्ट. "काका, तुम्ही सर्विसमधे असताना कधी खोटा रिपोर्ट दिला का?"

पत्रुभाऊंनी पाण्याचा पेला उचलला. प्यायले नाहीत, परत ठेवला. मला वाटलं आता गोळीची वेळ आली. मला खरंच भीती वाटली, त्यांच्यासाठी. मनात म्हटलं, नाही म्हणून मोकळे व्हा भाऊ, कोण तपासायला येतंय.

"देला," ते म्हणाले. "एकदा. त्याच्यात माह्या दोस्ताची तीन बोटं गेली. त्याले आजवर सांगतलं नाई."

मुलगी उभीच होती. "मग तुम्ही आम्हाला काय सांगता?"

उर्मटपणे नाही बोलली ती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पत्रुभाऊ म्हणाले, "बराबर हाये, बाई," आणि खुर्चीवर जाऊन बसले. मॅडमनी घाईघाईनं शाल-श्रीफळ उरकलं. परतताना गाडीत ते नारळ मांडीवर धरून बसले होते. घरी उतरताना म्हणाले, "डाक्टर, उद्या दुकान बंद ठेवान का? गडचिरोलीच्या पुढे मले कोणीतरी ढकलाले पायजे."

दुसऱ्या दिवशी मी ढकललं. गडचिरोलीच्या स्टँडवर ते परतीच्या गाडीजवळ जाऊन पाटी वाचायला लागले तेव्हा त्यांच्या दंडाला धरून अहेरीच्या गाडीत कोंबलं. आलापल्लीचा रस्ता खराबच होता, एवढं त्यांचं खरं निघालं. पुढे सागवानाचं जंगल संपेना आणि पत्रुभाऊंची बडबडही संपेना. त्यांनी मला चार देशांच्या फौजा समजावून सांगितल्या, त्यातल्या दोन मला नकाशावर दाखवता येणार नाहीत. रात्री अहेरीला एका ओळखीच्याकडे पडलो आणि सकाळी सिरोंच्याला उतरलो.

राजन्नाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणभर लाल मिरची वाळत घातलेली. राजन्ना खाटेवर बसला होता, अजूनही धिप्पाड, उजव्या पायात पुढून कापलेली रबरी चप्पल. दोघांची गळाभेट झाली, फौजी हिंदीत शिव्या झाल्या, राजन्नाच्या बायकोनं, पोशक्काबाईनं, चहा आणला. पत्रुभाऊ चहाला हात न लावता उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "राजन्ना, एक बात बतानी थी." आणि मिरचीचा तिखट वास नाकात जाऊन सलग सात-आठ वेळा शिंकले. राजन्ना हसून हसून लाल झाला. शिंका थांबल्या तेव्हा पत्रुभाऊंचे डोळे वाहत होते, ते पुसायच्या भानगडीत न पडता त्यांनी सगळं सांगितलं. पेटी, सही, टेलिफोन.

राजन्नाचं हसू गेलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, "पेटी खोली नहीं?"

"नाई."

"क्यों?"

"हात गारठले होते. अना वाटलं, कोण खिळे काढते."

मला वाटलं आता मारामारी होणार, किंवा गळ्यात पडणार. असल्या प्रसंगी दोनच गोष्टी होतात अशी माझी समजूत होती. राजन्नानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं बायकोला हाक मारली. तेलुगूत काहीतरी बोलला. मग पत्रुभाऊंना म्हणाला, "इसको बोल."

का, ते त्यानं सांगितलं तेव्हा आम्हाला समजलं. बूट लहान होते हे राजन्ना गावात पहिल्या दिवसापासून सांगत होता. कोणी मानलं नव्हतं. बूट बरोबर आले असा सरकारी कागद, त्यावर सही, म्हणजे बूट बरोबरच असणार. मग बोटं कशी गेली? दारू पिऊन बर्फात झोपला असेल. सासऱ्यानं हे म्हटलं, भावकीनं म्हटलं, लेकीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनीही विचारलं. पंचवीस-सव्वीस वर्षं राजन्नाला बोटांपेक्षा तेच जास्त दुखत होतं. पत्रुभाऊंना वाटत होतं आपलं पाप आपल्या छातीत बंद आहे. ते इथे गल्लीत फिरत होतं.

त्यांनी पोशक्काबाईला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि नवऱ्याला तेलुगूत एक वाक्य म्हणाली. राजन्ना उठला, काठी घेतली. "चल."

"कुठी?"

"बाजूवाले को बोलना है."

शेजारच्या घरी सांगितलं. त्याच्या पुढच्या घरी म्हातारीला हिंदी येईना, तेव्हा राजन्नानं ओट्यावर बसून पत्रुभाऊंकडून एक तेलुगू वाक्य घोकून घेतलं. "पेट्टे नेनु तेरिचि चूडले." पेटी मी उघडून पाहिली नाही. पत्रुभाऊंना त्यातला 'चूडले' जमेना. राजन्नानं चारदा म्हणायला लावलं, लहान पोराला पाढा शिकवावा तसं. मग म्हातारीला ऐकवलं. म्हातारी पत्रुभाऊंकडे पाहत राहिली आणि शेवटी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

चौथं घर मल्लय्यामामाचं, राजन्नाच्या सख्ख्या मामाचं. दारूची गोष्ट पहिल्यांदा यानंच गावात सोडली होती. आता नव्वदीचा, दारात खुर्चीवर, दोन्ही कानांनी ठार बहिरा म्हणे. पत्रुभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले आणि ते वाक्य म्हणाले. मामानं कानाला हात लावला. ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. मामानं ऐकू येत नाही अशी मान हलवली. राजन्ना काठीवर भार देऊन शांतपणे म्हणाला, "फिरसे."

मग पत्रुभाऊंनी टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं, छाती पुढे काढली, आणि परेडवर ओरडतात तशा आवाजात ते वाक्य फेकलं. समोरच्या घराची खिडकी उघडली. दोन दारांत बायका आल्या. सायकलवरचा एकजण उतरला. मामा अजून नाहीच म्हणत होता. बहिरा होता की मुद्दाम करत होता, देव जाणे. पत्रुभाऊंनी पुन्हा फेकलं, आणि या वेळी शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फुटला, तरी वाक्य पूर्ण केलं. मामानं राजन्नाकडे पाहिलं. मग त्याच्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

मला दुपारची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, "चला पत्रुभाऊ, झालं आता." त्यांनी माझ्याकडे न पाहता राजन्नाकडे पाहिलं. राजन्नानं काठीनं उताराकडे, नदीच्या बाजूला दाखवलं.

"नीचे की गली बाकी है," तो म्हणाला.

"तुमी जा, डाक्टर," पत्रुभाऊ म्हणाले.

मी स्टँडकडे निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर दोघं उतार उतरत होते. राजन्ना पुढे, लंगडत, सावकाश. पत्रुभाऊ दोन पावलं मागे, त्याच चालीनं, ओठ हलवत.